आवळा देऊन कोहळा

"कंबर किती?" असं दुकानदाराने विचारलं आणि मी शक्य तेवढा सरळ होत म्हणालो, "छत्तीस."

मागून हिचा आवाज आला, "बेचाळीस."

देहूरोडच्या बाजारातलं सर्जिकलचं दुकान. काउंटरवर गुडघ्याच्या टोप्या, मानेचे पट्टे, वाफ घ्यायची भांडी. भिंतीला टेकलेल्या कुबड्या. आणि संध्याकाळची गर्दी. चार-पाच गिऱ्हाइकांनी वळून माझ्या कमरेकडे पाहिलं, मग हिच्याकडे पाहिलं, आणि एकमताने हिच्या बाजूने निकाल दिला. दुकानदाराला हे रोजचंच असावं. "काका, पँटचा नंबर नको, पोट मोजायचं असतं," म्हणत त्याने टेप काढली, बेंबीवरून फिरवली आणि लिलावात बोली पुकारावी तसा ओरडला, "त्रेचाळीस!" म्हणजे ही एका इंचाने चुकली होती, आणि तीही माझ्या बाजूने. लग्नाला 27 वर्षं झाली. माझ्या बाजूने झालेली तिची ही पहिलीच चूक.

आता मी खोटं बोललो का? मुळीच नाही. लग्नातली पँट 36 ची होती आणि आजही मी 36 चीच घेतो. फरक इतकाच, की तेव्हा ती बेंबीवर बसायची आणि आता बेंबीच्या चार बोटं खाली बसते. पोट घाटमाथ्यासारखं पुढे येत गेलं आणि पँट गुपचूप कोकणात उतरली. माझ्या वयाचा पुरुष कंबर सांगतो ती कोकणातली सांगतो. डॉक्टरी पट्टा मात्र घाटावर बसतो.

हे सगळं सुरू झालं एका बुटाच्या लेसमुळे. मी चाकणच्या एका कारखान्यात डिस्पॅचला आहे, 26 वर्षं. सकाळी पावणेसहाला सेंट्रल चौकात कंपनीची बस येते. त्या दिवशी सेफ्टी शूजची लेस सुटली होती. वाकलो, लेस बांधली, आणि वर येता येईना. आलेल्या बसच्या ड्रायव्हरला वाटलं, मी बसच्या पाया पडतोय. त्याने मनापासून हात जोडले. मग दोघा पोरांनी मला आहे त्याच काटकोनात उचलून रिक्षात ठेवलं. फर्निचर हलवताना म्हणतात तसं "डोकं सांभाळ, डोकं सांभाळ" एकमेकांना सांगत.

डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे. उसण भरली आहे म्हणाले, गोळ्या दिल्या, दोन दिवसांनी चालायला लागा म्हणाले, आणि प्रवासात वापरायला काही आठवडे एक एलएस बेल्ट लिहून दिला. "दिवसभर घालून बसायचं नाही, झोपताना तर नाहीच. नाहीतर पोटापाठीचे स्नायू आळशी होतात."

"ते आधीपासूनच आहेत," ही म्हणाली.

घरी येऊन खोकं उघडलं. त्यावर छापलं होतं: लंबोसॅक्रल कॉर्सेट. लंबोसॅक्रल म्हणजे कंबर आणि तिच्याखाली माकडहाडापर्यंतचा मुलूख, हे डॉक्टरांनी समजावलं होतं. पण कॉर्सेट? हा शब्द मला फक्त इंग्रजी सिनेमामुळे माहीत. 'गॉन विथ द विंड'मध्ये ती नायिका पलंगाचा खांब घट्ट धरून उभी राहते आणि मागून दाई दोऱ्या खेचते, तो प्रसंग. 1939 सालचा सिनेमा. तो टीव्हीवर पाहताना मी हिला म्हणालो होतो, "काय एकेक बायका असतात, उगाच जिवाला त्रास." हिने ते वाक्य जपून ठेवलेलं होतं, असं त्या संध्याकाळी लक्षात आलं.

आमच्या पलंगाला खांब नाहीत, बॉक्स टाइप आहे. म्हणून मी खिडकीचा गज धरला. ही मागे उभी राहिली. पट्ट्याची रचना अशी की पाठीवर चार उभ्या ताठ पट्ट्या, पुढे पोटावर दोन रुंद पंख एकमेकांवर चिकटतात, आणि त्यावरून दोन्ही बाजूंचे इलॅस्टिकचे कान ओढून पुन्हा चिकटवायचे. कागदावर सूचना होत्या, पण मुंगीच्या वाचनालयात शोभतील इतक्या बारीक अक्षरात. त्या वाचायच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. मी म्हटलं, "आवळ." ही म्हणाली, "किती?" मी म्हटलं, "अगं आवळ, मी रोज आवळणारा माणूस आहे."

हे मात्र खरं होतं. माझा धंदाच आवळण्याचा. ट्रकमध्ये माल भरला की त्यावरून पट्टे टाकायचे, रॅचेटने करकचून ताणायचे, वर ताडपत्री, ताडपत्रीवर रस्सी. बोरघाट उतरताना माल एक इंच जरी सरकला तरी मुंबईला पोचेपर्यंत त्याचं भंगार होतं. "सैल राहिलं तर सगळं गेलं" हे वाक्य मी नव्या पोरांना 26 वर्षं ऐकवत आलोय. त्यामुळे मी पुन्हा म्हटलं, "आवळ." हिने आवळलं. 27 वर्षांचं आवळलं.

पोट कुठे जाणार? द्रव पदार्थ दाबला की वाट मिळेल तिकडे जातो, हे शाळेत शिकलेलं असतं; पण तो पदार्थ आपणच आहोत हे शाळेत सांगत नाहीत. पट्ट्याच्या वरच्या काठावरून पोटाचा एक भलामोठा गोल वर आला आणि छातीला येऊन भिडला. आई दारात उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, "आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच का रे?"

अशा स्थितीत मी जेवायला बसलो. बसल्याबरोबर पट्टा मांड्यांवर टेकून वर सरकला, बरगड्यांखाली अडकला, आणि पहिल्याच घासाला उचकी लागली. "कुणीतरी आठवण काढतंय," ही म्हणाली. आठवण फक्त माझं जठर काढत होतं.

रात्रभर मी त्या कॉर्सेट नावाच्या प्रकाराची माहिती काढत बसलो. वेळ होता, झोप लागत नव्हती, आणि कूस बदलायची तर दोन माणसं बोलवावी लागत होती.

युरोपातल्या बायकांनी तीन-चारशे वर्षं हा प्रकार सोसला. आधी त्यात देवमाशाच्या तोंडातल्या झालरीच्या पट्ट्या घालत, पुढे पोलादाच्या. मागे दोन रांगांत भोकं आणि त्यांतून बुटासारखी दोरी ओवलेली. ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी एलिझाबेथची गोष्ट वाचून तर मी अंथरुणातच ताठ झालो. ही बाई आपल्या बारीक कमरेसाठी जगभर प्रसिद्ध. 10 सप्टेंबर 1898 रोजी जिनिव्हाला सरोवराच्या काठाने बोटीकडे जाताना एका माणसाने तिच्या छातीत धारदार कानस खुपसली. तिला वाटलं, नुसता धक्का दिला. ती उठली, चालत बोटीवर गेली, आणि तिथे कोसळली. कॉर्सेट इतकं घट्ट होतं की जखम आतल्या आत दबून राहिली, असं सांगतात. दोऱ्या सैल केल्या तेव्हा कुठे रक्ताचा डाग दिसला. मी हळूच हात घालून स्वतःला चाचपून पाहिलं. डाग होता, पण आमटीचा.

दुसरी गोष्ट वाचून मात्र बरं वाटलं. कॉर्सेट दुकानात 18, 20, 22 इंच अशा आकड्यांनी विकायचे. पण हा आकडा पाठीमागची फट पूर्ण मिटली तरचा. बायका ती फट दोन-चार इंच उघडीच ठेवायच्या आणि बाहेर सांगताना लेबलवरचा आकडा सांगायच्या. म्हणजे कंबर सांगण्यातली ही कोकण-घाट पद्धत लंडन-पॅरिसातही होती. मी हिला उठवून हे सांगितलं. तिने दिलेलं उत्तर इथे छापण्यासारखं नाही.

आणि त्याच सुमाराची आपली आनंदीबाई जोशी बघा. 1883 साली अमेरिकेला गेली, फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून 1886 साली डॉक्टर होऊन बाहेर पडली. ऑक्टोबर 1885 चा तिचा एक फोटो आहे. शेजारी जपानची एक आणि सीरियाची एक विद्यार्थिनी, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. अवतीभवतीचं सगळं शहर पोलादी पट्ट्यांत आवळलेलं असताना ही साडी नेसून शरीरशास्त्र शिकत होती. बरगड्या मुळात कुठे असायला हव्यात, हे तिला स्वतःवरूनच दिसत असणार.

आपल्याकडे आवळणं नव्हतं असं मात्र नाही. फक्त आपल्या आवळण्याला गाठ असायची, आणि ती आपल्या हाताने सुटायची. बाराबंदीचंच घ्या. नावातच बारा बंद. बटण एकही नाही. सोलापूरला संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत आजही हजारो माणसं पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजांबरोबर चालतात. त्या अंगरख्याची हुशारी अशी की वर्षभरात पोट वाढलं तर शिंप्याकडे जावं लागत नाही, बंद जरा पुढे बांधायचा. माणूस वाढेल हे गृहीत धरून शिवलेला कपडा! कमरबंदही आपलाच, साहेब इथून तो शब्दासकट घेऊन गेला आणि जेवणाच्या कोटाखाली बांधून मिरवू लागला. माझ्या आजीच्या नऊवारीची कमरेची गाठ तर पहाटे बसायची ती रात्रीपर्यंत हलायची नाही, आणि ती वाकून अंगण सारवायची. तिला उसण भरल्याचं कुणाला आठवत नाही. भरली असेल तरी विचारायला कुणाला सवड होती म्हणा.

गाठी दोन जातीच्या, हे आपल्याकडे पोराला लेंग्याच्या नाडीबरोबरच शिकवतात: सुरगाठ आणि निरगाठ. सुरगाठ एका टोकाला ओढली की सुटते. निरगाठ ओढली की आणखी घट्ट होते, आणि मग घाईच्या वेळी माणूस न्हाणीघराच्या दारात उभा राहून आईला हाका मारतो. जगातल्या सगळ्या आवळण्याच्या शास्त्राचा निम्मा भाग या दोन शब्दांत आला. उरलेला निम्मा मला आईकडून शिकायचा होता.

त्याआधी वेल्क्रो. माझ्या पट्ट्याला ना सुरगाठ ना निरगाठ, त्याला चिकटपट्टी. जॉर्ज द मेस्त्राल नावाचा एक स्विस इंजिनिअर 1941 साली कुत्र्याला घेऊन डोंगरात फिरायला गेला आणि परतल्यावर कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी बोंडं त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, त्यातून हा शोध लागला. आमच्या घोरावडेश्वराच्या डोंगरावर पावसाळ्यानंतर गेलात तर अशी कुसळं आणि गोखरू पायजम्याला शेकड्याने चिकटतात. पिढ्यान्‌पिढ्या आपण ती उपटून फेकत आलो, शिव्या देत. एकाही देहूकराला ती घरी नेऊन भिंगाखाली धरावीशी वाटली नाही. वाटली असती तर त्या शोधाला आवाज तरी बंद ठेवण्याची कळ बसवली असती.

कारण वेल्क्रोचा खरा त्रास पकडीचा नाही, आवाजाचा. एकादशीला आमच्या इथल्या विठ्ठलमंदिरात कीर्तन होतं. मी पट्टा बांधून, मांडी घालून बसलो. मांडी घालणं ही पट्टा बनवणाऱ्याने विचारात न घेतलेली गोष्ट आहे. त्याच्या कागदावर सगळी माणसं खुर्चीत बसलेली होती. अर्ध्या तासात पट्ट्याची खालची कड जांघेत रुतली आणि वरची बरगडीत. मृदंगवाले स्वर मिळवत होते. हातोडीने गठ्ठा ठोकायचा, वादी ताणायची, शाईवर बोट मारून ऐकायचं, पुन्हा ठोकायचं. बुवांनी डोळे मिटले. मंडपात अशी शांतता की समईची वात ऐकू यावी. मी अंदाज घेतला, हात शर्टाखाली घातला आणि पट्टा अगदी हळू, एकेक दोरा सोडवावा तसा, उघडायला लागलो.

चर्रर्रर्रर्र.

हळू उघडलं की तो आवाज कमी होत नाही, फक्त लांबतो. ही माहिती कुठल्याही कागदावर छापलेली नाही. मंडपातल्या प्रत्येक पुरुषाला वाटलं की कुणाचं तरी धोतर फाटलं, आणि प्रत्येकाने आधी आपलं तपासलं. बुवांनी डोळे उघडले, सभा न्याहाळली आणि म्हणाले, "ज्याचं असेल त्याने खाली बसून राहा, माउली. निरूपण संपेपर्यंत अंधार होईल."

मी बसून राहिलो. पण माझं लक्ष निरूपणात नव्हतं, मृदंगावर होतं. तो माणूस 26 वर्षांत मी एकदाही न केलेली गोष्ट करत होता. प्रत्येक ठोक्यानंतर तो थांबून ऐकत होता. वादी सगळीकडून सारखी आवळत नव्हता; जिथे कमी वाटेल तिथेच, आणि जास्त झालं तर उलटा ठोका देऊन उतरवत होता. आम्ही डिस्पॅचवाले रॅचेट अडेपर्यंत ओढतो आणि पावती फाडतो. माल बोलत नाही हे आमचं नशीब.

घरी आल्यावर आईने पट्टा मागितला. 78 वर्षांची आहे. तीन बाळंतपणं स्वतःची आणि आजूबाजूची मोजली नाहीत. तिने पट्टा उलटसुलट करून पाहिला, वास घेतला (का ते विचारलं नाही) आणि म्हणाली, "अरे, हे तर पोट बांधणं. उभ्याने काय बांधता? बाळंतिणीला कुणी उभं करून बांधतं का? आडवा हो."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे बाळंतिणीला तेल लावून, शेक-शेगडी झाली की जुन्या, धुऊन धुऊन मऊ पडलेल्या लुगड्याच्या पट्टीने तिचं पोट बांधत. पोट त्याने आत जातं की नाही यावर डॉक्टर मंडळी मान हलवतात, आणि चरबी अशी बांधून वितळत नाही हेही खरं. पण पाठीला आधार वाटतो, असं बांधून घेतलेल्या बायका सांगतात. यात नवं कापड चालत नाही. गाठ पुढे नाही, बाजूला. आणि बांधणारी बाई आधी खालून, कमरेच्या हाडापासून सुरुवात करते आणि वर सैल सोडत येते.

मी आडवा झालो. आईने पट्टा पाठीखाली सरकवला, चार पट्ट्या मणक्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या येतायत का ते हात घालून पाहिलं. बनियन ओढून सुरकुती काढली. "आता श्वास सोड. अरे सोड, धरून काय ठेवलास? पाहुणे बघायला आलेत का?" मी सोडला. पोट आपसूक खाली बसलं. उभ्याने जो कोहळा वर येत होता तो आडवं झाल्यावर मुकाट्याने पसरून जागेवर गेला. आईने खालची कड आधी लावली, मग मधली, वरची सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात सैल. मग पट्टा आणि पोट यांच्यात हाताची बोटं सपाट सरकवून पाहिली. "बोटं जायला हवीत. फिरायला नकोत. आता कुशीवर वळून ऊठ."

मी उठलो. पहिल्यांदा दुखलं नाही.

"आणि जेवायला बसताना सोडायचा," आई म्हणाली. "बांधून का कुणी जेवतं?"

तेवढ्यात ही चहा घेऊन आली, मी भिंतीला धरून उभा, अंगाला लसणाच्या तेलाचा वास, आणि आई माझ्या पोटावरून शर्ट सारखा करतेय, हे तिने पाहिलं. "डिंकाचे लाडू करू, की अळिवाचे?" तिने विचारलं. मी दोन्ही म्हणालो. उसण असली तरी संधी दवडायची नसते.

पुढच्या आठवड्यात फिजिओथेरपीच्या मॅडमकडे गेलो तर त्यांनी हेच सांगितलं, फक्त निम्मं इंग्रजीत आणि सगळं फी घेऊन: आडवं होऊन बांधा, खालची कड आधी, श्वास सोडून, बनियनवर, बोटं सरकवून बघा, बसल्यावर पुन्हा जुळवा. युरोपातल्या कॉर्सेटवाल्या जाणत्या बायाही याहून वेगळं काही करत नसत. नवं कॉर्सेट पहिल्या दिवशी कधी पुरतं आवळायचं नाही. तास-दोन तास सैलसर घालून अंगाला त्याची आणि त्याला अंगाची ओळख करून द्यायची. पुढची कडी काढण्याआधी मागची दोरी सैल करायची, नाहीतर कडी वाकते. दोरी वरून आणि खालून थोडी थोडी ओढत कमरेपाशी आणायची. सिनेमात दाई जोर लावून खेचते ते सिनेमापुरतं. आमच्या बॉक्स पलंगाशेजारी पहिल्या रात्री जे झालं ते मात्र सिनेमाहून काकणभर सरस होतं.

चाकणचा रस्ता ही खरी परीक्षा. देहूगाव, येलवाडी, म्हाळुंगे करत आमची बस जाते. पहिल्या गतिरोधकाला पट्टा वर सरकतो, दुसऱ्याला आणखी वर, आणि म्हाळुंग्याला पोचेपर्यंत मी काखेत पट्टा घातलेला माणूस असतो. आम्ही ड्रायव्हरांना सांगतो की गाडी निघाल्यावर काही किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा तपासा, कारण माल हलून बसतो आणि ताण उतरतो. सांगतो, स्वतःला कधी लावलं नव्हतं. आता येलवाडीच्या आसपास मी एकदा उभा राहतो, पट्टा खाली ओढतो, पुन्हा जुळवतो. चर्र. बसमधले सगळे आता ओळखतात. पहिल्या दिवशी पोरं हसली. तिसऱ्या दिवशी मागच्या सीटवरून आणखी एक चर्र ऐकू आलं. मग डावीकडून एक. आमच्या बसमध्ये एकूण चार पट्टे निघाले. इतके दिवस चौघेही आपलं दुखणं शर्टाखाली दडवून बसले होते. सध्या येलवाडी आली की आम्ही चौघे एकदम उभे राहतो. नवीन लागलेल्या एका ट्रेनीला वाटलं, इथे कुठलं तरी देवस्थान आहे. तोही उठून हात जोडतो. त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून संध्याकाळी मी बुद्धविहारापर्यंत जाऊन येतो. 25 डिसेंबर 1954 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रंगूनहून आलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, तेच हे विहार. शेजारचे, दारूगोळ्याच्या डेपोतून निवृत्त झालेले एक सुभेदारसाहेब बरोबर असतात. त्यांना माझ्या पट्ट्याची कथा सांगितली तर ते म्हणाले, "तुम्ही सोणाची गोष्ट ऐकली नाही का?" सोण हा बुद्धांचा एक शिष्य. साधनेत इतका ताणला की तळपायांतून रक्त आलं, तरी काही हाती लागेना. शेवटी घरी परत जावं म्हणाला. तो आधी वीणा चांगली वाजवायचा. बुद्धांनी त्याला एवढंच विचारलं: तार फार ताणली तर वीणा वाजायची का? नाही. फार सैल सोडली तर? तरीही नाही.

"बघा," सुभेदारसाहेब म्हणाले, "वीणेवाल्याला वीणेचं उदाहरण दिलं म्हणून त्याला कळलं."

"आणि मला 26 वर्षं ट्रकचं उदाहरण समोर होतं," मी म्हटलं.

"तुम्ही ट्रकच्या बाहेर उभे होतात," ते म्हणाले. दारूगोळ्याच्या डेपोत आयुष्य काढलेली माणसं फार बोलत नाहीत, पण बोलतात ते नेमकं. पेटी किती घट्ट बांधायची हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी पट्टा बंद केला. पोटाचे आणि पाठीचे व्यायाम दिले आहेत, ते मी करतो. म्हणजे आई समोर खुर्ची टाकून बसते, म्हणून करतो. कंपनीत नव्या पोरांना आता "करकचून आवळा" असं सांगत नाही. पट्टा ताणल्यावर पुठ्ठ्याच्या कोपऱ्यावर हात ठेवून बघायला सांगतो, कोपरा दबतोय का. पोरं म्हणतात, साहेबांच्या कमरेपासून साहेब मऊ झाले. पँट मात्र मी अजून 36 चीच घेतो. काही गोष्टी वैद्यकीय नसतात.

पट्टा काही दिवस दाराच्या मागे खुंटीला होता. परवा सुभेदारसाहेबांना कुंडी उचलताना लचक भरली. सकाळी सकाळी त्यांचा मुलगा पट्टा मागायला आला. धुऊन, वाळवून दिला. आकार एक्स्ट्रा लार्ज. त्यांना बरोबर बसला, असा निरोप आहे. द्यायच्या आधी मी रीतसर विचारलं होतं, साहेबांची कंबर किती.

"चौतीस," मुलगा म्हणाला.